क्रूझवर स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये कोणत्या रात्री जेवायचं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की क्रूझला निघालेल्या सोलापूरकरांचे प्रश्न सुरू होतात. व्हिसा, केबिन, बॅगा हे सगळं मार्गी लागतं आणि मग जेवणावर गाडी अडते. जास्तीचे पैसे भरून एखाद-दोन रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं तर ठरतं, पण त्या रात्री कोणत्या? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी रात्र ठरवा आणि रेस्टॉरंट मग निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी मेनू बघून भुलतात आणि मग उरलेल्या वेळेत जेवण कोंबतात.

१. स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणजे नेमकं काय? जेवण तर तिकिटातच असतं ना?

तिकिटात असतंच. मेन डायनिंग रूम आणि बुफे या दोन्ही ठिकाणचं जेवण भाड्यातच येतं आणि तेवढ्यावर सगळी क्रूझ आरामात निघते. स्पेशालिटी रेस्टॉरंट ही वेगळी, छोटी, एकाच पद्धतीच्या जेवणाची ठिकाणं असतात आणि तिथे वेगळे पैसे लागतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर चॉप्स ग्रिल हे स्टेकहाउस आणि इझुमी हे जपानी रेस्टॉरंट असतं. एमएससीवर बुचर्स कट, नॉर्वेजियनवर कॅग्नीज आणि ल बिस्त्रो. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेसवर चॉपस्टिक्स आहे.

पैसे दोन तऱ्हेने घेतात. कुठे माणशी ठरावीक कव्हर चार्ज असतो, मग तुम्ही कमी खा की जास्त. कुठे पदार्थागणिक बिल होतं. हा फरक शाकाहारी माणसाला फार महागात पडू शकतो, तो प्रश्न १० मध्ये सविस्तर दिला आहे.

२. एवढा विचार कशाला? जागा मिळेल त्या दिवशी जाऊ की.

तसं गेलं तर तीन ठिकाणी पैसे वाया जाऊ शकतात. हे जेवण दीड-दोन तास चालतं, त्यामुळे त्या रात्रीचा शो हुकतो. दिवसभर बंदरावर फिरून पाय दुखत असतील तर चार कोर्सचं जेवण शिक्षा वाटते. आणि ऐनवेळी जायचं नाही असं ठरवलं तर बऱ्याच कंपन्या पैसे कापतात.

माझी पद्धत साधी आहे. वहीचं एक पान घ्या आणि क्रूझची प्रत्येक तारीख एकाखाली एक लिहा. प्रत्येक तारखेपुढे बंदराचं नाव आणि जहाजावर परतण्याची शेवटची वेळ लिहा, फॉर्मल नाइट (छान तयार होऊन जेवायला यायची रात्र) असेल तर तसं लिहा, आणि पंचांगात पाहून तिथी आणि वार लिहा. शेवटी ज्या शोचं तिकीट घेतलंय त्याची वेळ. एवढं लिहिलं की चांगल्या रात्री आपोआप दिसतात. सात रात्रींच्या क्रूझमध्ये अशा दोन किंवा तीनच उरतात.

३. पहिल्या रात्री स्वस्त असतं, जागाही मिळते असं ऐकलंय. घेऊ का?

ऐकलंय ते खरं आहे. पहिल्या रात्री बहुतेक प्रवासी जहाज बघण्यात आणि बॅगा लावण्यात गुंतलेले असतात, टेबलं रिकामी असतात, त्यामुळे काही जहाजांवर त्या रात्रीपुरती सवलत देतात. तरीही सोलापूरहून निघालेल्या माणसाला मी सहसा नको म्हणतो.

मुंबईहून निघणारी क्रूझ घ्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी सीएसएमटीला उतरायचं, कुठेतरी आंघोळ उरकायची, बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर रांगेत उभं राहायचं. वंदे भारतने गेलात तर पहाटे उठून सहाच्या सुमाराची गाडी पकडायची आणि दुपारी साडेबारानंतर पोचून थेट बोर्डिंगची धावपळ करायची. सिंगापूरला जायचं तर आधी मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं आणि तिथून बहुधा रात्रीचं विमान. संध्याकाळी डोळे मिटत असताना चांगल्या जेवणाची चव काय कळणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या रात्री मेन डायनिंगमध्ये बसलात की हेड वेटरची ओळख होते. आम्ही शाकाहारी, आमच्यातले दोघे कांदा-लसूण खात नाहीत, उद्यापासून एखादी भारतीय भाजी आणि डाळ मिळेल का, हे सगळं तेव्हाच सांगायचं असतं. मोठ्या जहाजांवर आदल्या दिवशी सांगितलं तर स्वयंपाकघर बरंच काही करून देतं. पहिली रात्र दुसरीकडे घालवली की हे एक दिवस पुढे जातं.

अपवाद एकच. आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोचून रात्रभर नीट झोपला असाल आणि सवलत खरोखर मोठी असेल, तर जरूर घ्या. मग हेड वेटरला दुपारीच गाठून सांगून ठेवा.

४. मग सगळ्यात चांगली रात्र कोणती?

जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवसाची, म्हणजे सी डेची रात्र. दुपारी झोप झालेली असते, कुठून परतायची घाई नसते, आवरायला भरपूर वेळ मिळतो. पण हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे साडेसात-आठची टेबलं आधी संपतात. उशिरा बुकिंग करणाऱ्याच्या वाट्याला साडेपाच नाहीतर साडेनऊ येतं.

एक वाट कमी लोकांना ठाऊक असते. काही स्पेशालिटी रेस्टॉरंट सी डेला दुपारीही उघडतात, दर रात्रीपेक्षा कमी असतो आणि मेनू बराचसा तोच. जेवून केबिनमध्ये जाऊन दोन तास आडवं व्हायचं आणि रात्री बुफेत हलकं काहीतरी घ्यायचं. आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या मंडळींना हे रात्रीच्या जेवणापेक्षा जास्त मानवतं. क्रूझ कंपनीच्या ॲपमध्ये दुपारची वेळ दिसते का ते आवर्जून बघा.

५. बंदराच्या दिवशी रात्रीचं टेबल ठेवावं का?

परतायच्या वेळेवर अवलंबून आहे. जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी परत यावं लागतं. त्यात आंघोळ आणि थोडी विश्रांती धरून दीड-दोन तास मिळवा आणि त्यापुढचीच वेळ घ्या. दुपारी चारला परत येत असाल तर रात्री आठचं टेबल उत्तम.

टेंडरच्या बंदरांपासून मात्र जपून. जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटीने ने-आण होते, ते टेंडर. सिंगापूरहून फुकेतला जाणारी मोठी जहाजं पातोंगच्या खाडीत थांबतात तेव्हा हीच पद्धत असते, आणि परतीच्या शेवटच्या दोन तासांत बोटीसाठी लांब रांग लागते. ग्रीसच्या सांतोरिनीला तर आधी कड्यावरून खाली उतरायला केबल कारची रांग आणि मग बोटीची. अशा रात्री काही ठरवूच नका. घामाने भिजून परतल्यावर बुफेतला गरम भातच बरा वाटतो.

जहाज रात्री दहा-अकराला सुटणार असेल तर चित्र उलटं असतं. बहुतेक लोक गावातच जेवतात आणि स्पेशालिटी रेस्टॉरंट निम्मं रिकामं असतं. तुम्ही लवकर परतणार असाल तर शांत टेबल मिळायला ही फार चांगली रात्र. ज्या बंदरात जहाज रात्रभर मुक्काम करतं तिथे मात्र बाहेरच जेवा, ती संधी पुन्हा येत नाही.

६. फॉर्मल नाइटला मेन डायनिंग सोडायचं की नाही?

तुम्ही काय खाता त्यावर. बऱ्याच कंपन्या फॉर्मल नाइटला मेन डायनिंगचा सगळ्यात भारी मेनू ठेवतात. लांबच्या क्रूझवर लॉबस्टरही त्याच सुमारास येतो. मासे आवडीने खाणाऱ्याने ती रात्र मेन डायनिंगसाठीच राखावी, कारण जे तिकिटात मिळतंय त्याला वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

शाकाहारी माणसाला त्या भारी मेनूचा काही उपयोग नसतो. त्याने छान तयार व्हावं, जिन्यावर फोटो काढावेत आणि स्पेशालिटी रेस्टॉरंट गाठावं. कपड्यांचं दडपण घेऊ नका. इरकल किंवा पैठणी नेसलेली बाई त्या हॉलमध्ये सगळ्यांत उठून दिसते, आणि पुरुषांना कुर्त्यावर जाकीट अगदी चालतं. हाफ पँट आणि चप्पल मात्र स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये कोणत्याच रात्री नको. नॉर्वेजियनसारख्या काही कंपन्या सक्तीची फॉर्मल नाइट ठेवतच नाहीत, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

७. शेवटची रात्र? निरोपाचं जेवण म्हणून.

मी टाळतो. मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे जेवताना निम्मं लक्ष बॅगेत. शिवाय मेन डायनिंगचे वेटर त्या रात्री निरोप घेतात. इतके दिवस प्रेमाने वाढणाऱ्या माणसाला न भेटता उतरणं बरं दिसत नाही. घ्यायचंच असेल तर लवकरची वेळ घ्या आणि बॅगा दुपारीच भरून टाका.

८. सिंगापूरला सहाचं टेबल मिळालं आणि कुणाला भूकच नव्हती, असं शेजारी सांगत होते. असं का होतं?

घड्याळामुळे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे सोलापूरचे दुपारचे साडेतीन, चहाचीसुद्धा वेळ झालेली नसते. तिथे रात्री साडेआठचं टेबल घ्या, पोटाच्या हिशेबाने सहा वाजलेले असतात. तीन-चार रात्रींच्या क्रूझमध्ये शरीर नव्या वेळेला पुरतं रुळतही नाही, म्हणून उशिराचीच वेळ बरी.

युरोपात उलटं. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे रात्री साडेआठला बसलात तर सोलापुरात मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. पहिल्या दोन-तीन रात्री ताटासमोर डुलक्या येतात. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर महागाचं जेवण चौथ्या रात्रीपुढे ठेवा, आणि त्याआधीच ठेवावं लागलं तर सहा-साडेसहाची वेळ घ्या. दुबई फक्त दीड तास मागे आहे, तिथे कोणतीही रात्र चालते.

वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे धरा. मोबाइल किनाऱ्याजवळ भलतीच वेळ पकडतो.

९. आमची चारच रात्रींची क्रूझ आहे. किती रात्री स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जेवायचं?

एक, आणि ती मधली. दोन रात्रींच्या मुंबईच्या क्रूझवर तर मी एकही सुचवत नाही, तिकिटातलंच जेवण पुरतं बघून होत नाही. चार रात्रींत पहिली प्रवासाच्या थकव्याची आणि शेवटची बॅगांची, म्हणजे उरल्या दोन. त्यातली एक फुकेतसारख्या टेंडरच्या बंदराची असेल तर निवड झालीच.

सात रात्रींना दोन पुरतात. त्या लागोपाठ ठेवू नका. लोणी-क्रीमचं जड जेवण सलग दोन रात्री आपल्या पोटाला झेपत नाही. मध्ये किमान एक रात्र डाळ-भाताची असू द्या.

१०. आम्ही पूर्ण शाकाहारी. आमचे पैसे वसूल होतात का?

रेस्टॉरंट बरोबर निवडलं तर होतात. स्टेकहाउसमध्ये ठरावीक कव्हर चार्ज भरून तुमच्या वाट्याला भाजलेला बटाटा, क्रीममधला पालक आणि सॅलड येणार. तेवढ्यासाठी शेजारच्या मांसाहारी माणसाइतकेच पैसे द्यायचे? अशा ठिकाणी घरातले मांसाहारी जाऊ देत. तुम्ही पदार्थागणिक बिल होणारं ठिकाण शोधा.

इटालियन सगळ्यात सोयीचं. पास्ता, रिसोत्तो, वांग्याचे प्रकार, मश्रूम असं भरपूर असतं. कडक पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. रिसोत्तोसाठी भाजीचं पाणी वापरलंय की कोंबडीचं? आणि पार्मेझान चीज, कारण ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. चीज न घालता द्या म्हटलं तर देतात. जपानी जेवणात भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असू शकतो, थाई जेवणात फिश सॉस. तेप्पान्याकीत तुमच्यासमोरच्या एकाच तव्यावर मांस, कोळंबी आणि भाज्या सगळं भाजतात. तव्याचा विटाळ मानणाऱ्यांनी ते टेबल घेऊ नये, नंतर जेवण घशाखाली उतरत नाही.

हे सगळं कळवायचं ते बुकिंग करतानाच, आणि किमान एक दिवस आधी. म्हणूनही दुसऱ्या रात्रीनंतरचं टेबल बरं (प्रश्न ३).

११. आम्ही जैन आहोत, सूर्यास्तानंतर जेवत नाही. आम्हाला शक्यच नाही का?

शक्य आहे, पण ऋतू आणि ठिकाण बघावं लागतं. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो. रेस्टॉरंट साडेपाचला उघडत असेल तर दीड तास मिळतो. वेटरला आधीच सांगा की सातच्या आत आटपायचंय, म्हणजे तो पदार्थांमध्ये वेळ घालवत नाही. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात सूर्यास्त नऊच्या सुमाराला होतो, तिथे तर काळजीच नाही, सातचं टेबल घ्या. अडचण मुंबईच्या हिवाळी क्रूझची. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, तोपर्यंत स्पेशालिटी रेस्टॉरंट उघडलेलंही नसतं. तिथे दुपारचं जेवण मिळतं का बघा (प्रश्न ४), नाहीतर सोडून द्या. कॉर्डेलियावर आणि सिंगापूरच्या गेंटिंग ड्रीम या जहाजावर जैन जेवण मिळतं, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही.

१२. एकादशी किंवा संकष्टी मध्ये आली तर?

म्हणून तर वहीत तिथी लिहायची. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, बहुतेकांच्या घरी असतंच. बुकिंगच्या आधी उघडा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. लक्ष्मीपूजनानंतर साधारण अकरा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते आणि सुट्टीतली क्रूझ नेमकी त्यावर पडू शकते. ज्यांच्या जिल्ह्यातच पंढरपूर आहे त्या आपल्या माणसांना त्या रात्री इटालियन टेबल कशाला? द्वादशीची रात्र घ्या.

एकादशीला जहाजावर साबुदाणा, वरई शोधू नका. बुफेत सालासकट भाजलेला बटाटा, दही, दूध, केळी, कलिंगड आणि सुका मेवा मिळतो, त्यावर दिवस जातो. साधं मीठ चालत नसेल तर सैंधवाची पुडी बरोबर ठेवा.

संकष्टीची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न चंद्रोदयाचा. पंचांगातली वेळ आपल्याकडची असते, समुद्रात ती चालत नाही. सिंगापूरच्या बाजूला चंद्रोदय साधारण नऊ-दहाच्या सुमारास धरा आणि त्या दिवसाची नेमकी वेळ आधी बघून ठेवा. पण युरोपात जूनमध्ये सूर्यच नऊला मावळतो, त्यामुळे चतुर्थीचा चंद्र अकराच्याही पुढे जाऊ शकतो. तोपर्यंत स्पेशालिटी रेस्टॉरंट बंद होतं. त्या रात्री टेबल ठेवू नका आणि रात्री उशिरा कोणतं काउंटर उघडं असतं ते दुपारीच विचारून ठेवा. उपवास सोडायचा नेमका कसा, हे ज्याने त्याने घरच्या रीतीप्रमाणे ठरवावं.

सोमवार, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्या मांसाहारी घरांनीही हाच हिशेब करावा. स्टेकहाउसची रात्र सोमवारी पडली तर सगळ्या घराची पंचाईत होते.

१३. आम्ही मटण-मासे खातो, पण बीफ नाही. स्टेकहाउसला जावं का?

जा, पण स्टेक शब्द दिसला की ते बीफ धरूनच चला. लँब चॉप्स, चिकन, सामन मासा हे स्टेकहाउसच्या मेनूत बहुधा असतं. इटालियन बोलोनीज सॉसमध्येही बीफ असतं आणि बऱ्याच सूपचा पायाही बीफच्या पाण्याचा असतो, म्हणून प्रत्येक पदार्थाला विचारा. ग्रिल एकच असल्याचा त्रास होत असेल तर मासळीचं रेस्टॉरंट निवडा. सोलापुरी सुक्या मटणाच्या तिखटाची अपेक्षा ठेवू नका. तिथे मीठ, मिरपूड आणि लोणी एवढ्यावरच मांस शिजतं आणि ते तसंच खाण्यात मजा आहे.

१४. बुकिंग घरूनच करायचं की जहाजावर चढल्यावर?

सी डेचं टेबल हवं असेल किंवा सहापेक्षा जास्त माणसं असतील तर घरून, ॲपवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर. घरून घेतलेला दर बहुधा कमी असतो. दिसणाऱ्या दरावर पुढे सेवाशुल्क लागतं का ते तपासा. रॉयल कॅरिबियनवर ते १८ टक्के आहे. बिल डॉलरमध्ये आणि आपल्या कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा.

तीन रात्रींचं किंवा सगळ्या रात्रींचं पॅकेज घेतलंत तर एक खाच लक्षात ठेवा. काही जहाजांवर पॅकेज घेताना सगळ्या रात्रींच्या वेळा निवडता येत नाहीत. एखादी वेळ आपोआप पडते, तीही बऱ्याचदा पहिल्याच दिवसाची. ती अंतिम समजू नका. जहाजावर चढल्या चढल्या, केबिन उघडायच्याही आधी, रेस्टॉरंटच्या दारातल्या टेबलाशी जा आणि वहीतल्या रात्री त्यांना दाखवा. दुपारी दोनला गेलेल्याला हवी ती वेळ मिळते, रात्री गेलेल्याला उरलेली.

१५. शो आणि जेवण एकाच वेळी आलं तर?

शो आधी ठरवा. बर्फावरचा किंवा पाण्यातला मोठा शो एक-दोनच रात्री असतो, जेवण दुसऱ्या रात्रीही मिळतं. दोन्हीत किमान अडीच तासांचं अंतर ठेवा. शो नंतर असेल तर वेटरला बसतानाच वेळ सांगा.

१६. आम्ही तीन घरचे मिळून १४ जण आहोत. एकत्र बसायचंय.

स्पेशालिटी रेस्टॉरंट लहान असतात, १४ जणांचं सलग टेबल सहसा मिळत नाही. सगळ्यांनी एकत्र बसायची जागा म्हणजे मेन डायनिंग. स्पेशालिटीला पाच-सहाचे गट करा आणि वेगवेगळ्या रात्री पाठवा. एका रात्री सासू-सासरे नातवंडांना घेऊन बुफेत बसतात, दुसऱ्या रात्री मुलं-सुना त्यांना मोकळं करतात. यात कुणी कुणाला सोडून गेलं असं होत नाही, उलट घरच्या सुनेला एक संध्याकाळ खरोखर निवांत मिळते.

एकाच रात्री जायचं असेल तर महिनाभर आधी बुकिंग करून शेजारशेजारची टेबलं मागा, वेळ संध्याकाळी साडेपाच-सहाची किंवा रात्री नऊची घ्या. मधल्या वेळेत एवढी जागा देत नाहीत.

१७. लहान मुलांना नेलेलं चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं आणि त्यांचा दर कमी असतो, अगदी लहानांना कित्येकदा मोफत. काही रेस्टॉरंट फक्त मोठ्यांसाठी असतात, बुकिंगच्या वेळी वयाची अट बघा. पण सहा वर्षांच्या पोराला दोन तास खुर्चीत बसवणं त्यालाही जाच आणि तुम्हालाही. मोठ्या जहाजांवरचा किड्स क्लब रात्री साधारण दहापर्यंत उघडा असतो. मुलाला आधी बुफेत जेवू घाला, तिथे सोडा आणि मग जा. क्लब त्याच्या अंगवळणी पडायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून हे जेवण तिसऱ्या रात्रीनंतर ठेवा.

१८. वडिलांना डायबेटिस आहे, रात्री साडेसातला जेवण लागतं. काय करावं?

साडेसातला जेवण हवं तर टेबल सातचं घ्या. पहिला पदार्थ यायला वीस मिनिटं आणि मुख्य पदार्थाला त्यापुढे अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणाआधीचं इन्सुलिन घेत असतील तर जेवण उशिरा येऊ शकतं हे धरून ते केव्हा घ्यायचं, आणि घड्याळ बदलल्यावर औषधांच्या वेळा कशा ठेवायच्या हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. बसल्याबसल्या ब्रेड आणि सूप लगेच द्या असं सांगितलं तर वेटर नक्की ऐकतात. ज्या दिवशी बंदरावर खूप चालणं झालंय त्या रात्री त्यांना नेऊ नका, चालण्याने साखर आधीच उतरलेली असू शकते.

१९. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर नेली तर?

घरी केलेलं अन्न जहाजावर चढताना काढून घेतात. दुकानातलं, न फोडलेलं पाकीट बऱ्याच कंपन्यांना चालतं, काहींना तेही नाही. तुमच्या कंपनीचा नियम वाचा. चालत असेल तरी बंदरावर उतरताना खाण्याच्या वस्तू जहाजावरच ठेवा, कित्येक देशांत त्यावर दंड आहे. एक कळकळीची विनंती: शेंगा चटणीचं पाकीट स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये उघडू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी काही लोकांच्या जिवावर बेतते आणि तिथली टेबलं जवळजवळ असतात. आपल्या केबिनमध्ये खुशाल खा.

२०. दोन-तीन रात्री गेलो नाही तर मेन डायनिंगच्या वेटरला वाईट वाटेल का? टिप कमी होते का?

टिप कमी होत नाही, ती रोजच्या हिशेबाने आधीच लावलेली असते. जायच्या आदल्या रात्री फक्त सांगून ठेवा की उद्या आम्ही नाही. नाहीतर तुमच्यासाठी सांगितलेली भाजी शिजते आणि वाया जाते.

२१. लग्नाचा वाढदिवस क्रूझमध्येच येतोय. त्याच रात्री जायलाच हवं ना?

ती रात्र चांगली असेल तर जरूर. टेंडरच्या बंदराची किंवा शेवटची असेल तर एक दिवस पुढे-मागे करा आणि बुकिंगमध्ये वाढदिवसाचं लिहा. केक त्या दिवशीही येतो. खिडकीचं टेबल हवं असेल तर सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची वेळ मागा, अंधार पडल्यावर काचेत आपलाच चेहरा दिसतो. मावळतीची वेळ गावानुसार केवढी बदलते ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२२. बोट लागते त्यांनी काय करावं?

मुंबई-लक्षद्वीपसारखा उघड्या समुद्राचा पल्ला ज्या रात्री आहे ती टाळा. सिंगापूरहून फुकेतकडे जाताना लागणाऱ्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी बहुधा शांत असतं. वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त जाणवतात, तेव्हा खालच्या मजल्यावरचं आणि जहाजाच्या मध्याजवळचं रेस्टॉरंट निवडा. मळमळ सुरू झाली तर वाट बघत बसू नका, लगेच रेस्टॉरंटला फोन करून सांगा.

२३. ऐनवेळी रद्द करायचं झालं, किंवा हवामानामुळे बंदरच बदललं तर?

बऱ्याच कंपन्यांत २४ तास आधी सांगितलं तर पैसे परत मिळतात किंवा रात्र बदलून मिळते. त्यानंतर मात्र कव्हर चार्ज किंवा दंड लागू शकतो. आजारी पडलात तर जहाजावरच्या दवाखान्यात दाखवून मग रेस्टॉरंटशी बोला, अशा वेळी सहसा अडवत नाहीत.

बंदर रद्द होऊन अचानक सी डे झाला तर तुमची आधीची आखणी उलटीपालटी होते, पण त्यात फायदाही असतो. बंदरावर फिरायच्या दिवशी नको म्हणून सोडलेली रात्र आता मोकळी आणि निवांत झालेली असते. कप्तानाची घोषणा ऐकली की लगेच ॲप उघडा. बाकीचे प्रवासी टूरचे पैसे परत मिळवायला काउंटरवर रांग लावतात, तेवढ्यात आठचं टेबल हातात येतं. टूर जहाजाच्या कंपनीकडून घेतली असेल तर तिचे पैसे तसेही खात्यावर आपोआप जमा होतात, त्यासाठी रांगेची गरज नाही. बाहेरच्या कुणाकडून घेतली असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा.